आंबेवालीची जाऊ

थोरलीला आंबा नुसता हातात घेतला की कळायचं. देठाजवळ, फळाचा खांदा असतो तिथे, अंगठा अलगद टेकवायची आणि सांगायची, "हा उद्या दुपारी तयार. हा परवा. आणि हा आत्ताच विका, नाहीतर उद्या तुमच्याच गळ्यात पडेल." आणि तसंच व्हायचं.

बागायतदारांच्या संघाने तिला याच कामाला ठेवलं होतं. आंबा त्या शहरात बोटीने यायचा. झाडाला लागलेला आंबा तिथे कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे किराणा दुकानांतली माणसं त्याला बटाट्यासारखी वागवायची. कच्चा माल थेट शीतखोलीत ढकलायची, आठ-आठ थरांचे डोंगर रचायची, आणि खालची फळं चेपून काळी पडली की संघाला फोन करून ओरडायची. मग थोरली जायची. मालखोलीत उलट्या क्रेटवर सगळ्यांना बसवायची, स्वतः लिहिलेली सात पानांची पुस्तिका वाटायची आणि एकेक पान समजावून द्यायची. नुसत्या रंगावर जाऊ नका. दोन थरांच्या वर मांडू नका. पिकलेला आणि टणक माल एकत्र ठेवू नका. एका टोपलीवर 'आज खा' लिहा, दुसरीवर 'परवा खा'. आठ वर्षं ती हेच सांगत होती. तिचा हात फिरला की त्या दुकानात फेकून द्यायचा माल निम्म्यावर यायचा. पण हे काम असं, की नीट झालं तर दिसतच नाही. न सडलेल्या आंब्याचं कौतुक कोण करतो?

घर तीन खोल्यांचं आणि माणसं सहा. सासूबाई, थोरली, तिचा नवरा, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा, धाकटा दीर आणि त्याची बायको. ही धाकटी लग्न होऊन आली त्याला दोन वर्षं झाली होती. फार देखणी होती असं नाही, पण ती हसली की समोरच्याला हसू आवरत नसे. सासूबाईंचा तिच्यावर जीव. थोरलीने केलेल्या जेवणात मीठ कमी असलं तर ते कमी असायचं, धाकटीने केलेल्यात कमी असलं तर ते तब्येतीला चांगलं असायचं.

त्या वर्षी शहरातल्या सगळ्यात मोठ्या किराणा दुकानाने आपल्या अकराही शाखांत सहा आठवडे आंबा विकायचा ठरवला. मांडणी कुणाची चांगली, विक्री कुणाची जास्त, याची शाखांमध्ये स्पर्धा होती. मुख्य शाखेत ग्राहकांना फोडी कापून चाखायला देणारी एक बाई हवी होती, आणि ती शोधायचं काम थोरलीकडे आलं. तिने घरात सहज विषय काढला आणि तिथेच चुकली.

"घरात माणूस असताना बाहेरचं कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "धाकटीला घे की."

"तिला जमायचं नाही. दिवसभर उभं राहावं लागतं."

"राहीन की ताई," धाकटी म्हणाली. "घरात तरी मला कोण बसू देतंय?"

सगळे हसले. थोरलीलाही हसावं लागलं.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला दुकानातल्या माणसांचं प्रशिक्षण होतं. धाकटीला थोरलीने सांगितलं, "तू अकराला ये, गिऱ्हाईक सुरू झालं की. हे ऐकून तुला काय करायचंय? तुला फक्त फोडी करायच्या आणि द्यायच्या." यात तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. खरंच तिला तसं वाटलं होतं.

धाकटी अकराला आली आणि एका दिवसात दुकान तिचं झालं. लोक ताटलीकडे संशयाने बघायचे. ती एक फोड सालीसकट उचलायची, दाताने गर ओरबाडून खायची आणि म्हणायची, "मी आधी खाते. मी नाही मेले तर तुम्ही खा." लोक हसायचे, खायचे आणि पिशवी भरून न्यायचे. म्हातारी माणसं तिच्याशी गप्पा मारायला दोनदा यायची. दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरने तिचा फोटो काढला आणि दारात माणसाच्या उंचीचा पुठ्ठ्याचा फलक उभा केला. हातात आंबा, तोंडभर हसू, खाली एकच शब्द: आंबेवाली. दुसऱ्या एका शाखेचा मॅनेजर मांडणी बघायला आला, तेव्हा त्याला थोरलीची ओळख करून देताना हा मॅनेजर म्हणाला, "आणि या आंबेवालीच्या जाऊ."

थोरलीने हसून मान डोलावली. दिवसभर ते वाक्य तिच्या दातात अडकून राहिलं.

घरातही तेच. जेवताना धाकटी गिऱ्हाइकांच्या नकला करायची. एक बाई आंबा कानाशी हलवून बघते, एक गृहस्थ पंचवीस फोडी खातो आणि कांदे घेऊन जातो. सासूबाई म्हणायच्या, "तो कांदेवाला परत करून दाखव गं." थोरलीचा नवरा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. आठ वर्षांत त्याने थोरलीला एकदाही विचारलं नव्हतं, की आज कामावर काय झालं.

तिसऱ्या आठवड्यात, एका संध्याकाळी, थोरली बाथरूममध्ये कपडे भिजवत होती, तेव्हा धाकटी दाराशी आली.

"ताई, हे बघा ना काय झालंय."

बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ उठलं होतं, पाण्याने भरलेलं. ओठाच्या एका कोपऱ्याला लाल चट्टा होता.

"खाजतंय?"

"आग होतेय नुसती. हातमोजे घालते तरी."

थोरलीला बघताक्षणीच कळलं. पुस्तिकेचं चौथं पान याच्यावरच होतं. आंब्याच्या देठात चीक असतो, सालीतही उतरतो. देठ मोडू नका, चीक लागला तर लगेच धुवा. काही माणसांना तो सोसत नाही. अंगावर उततो, फोड येतात, दर वेळी आधीपेक्षा जास्त येतात. अशा माणसाला त्याच दिवशी आंब्याच्या कामावरून काढा. हे सगळं तिने आठ वर्षांत शंभर वेळा सांगितलं होतं. सांगायला तोंड उघडलंही.

"हातमोज्यांच्या आत पावडर असते ना, तिचं असेल," ती म्हणाली. "काढून टाक ते हातमोजे."

बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली. शब्द इतके सहज आले होते, जणू कुणी आधीच तोंडात ठेवले होते. उद्या सांगू, असं तिने मनाशी म्हटलं, आणि कपडे पिळायला घेतले.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर काल का नाही सांगितलंत, हा प्रश्न आला असता. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की सकाळी उठल्यावर आपण आधी धाकटीचं तोंड बघतो. काल होतं त्यापेक्षा किती वाढलंय, ते बघतो.

"पावडर जायला वेळ लागतो," ती सांगायची. एकदा आपलीच लिपस्टिक तिला दिली. "ही गडद आहे. चट्टा दिसणार नाही."

"तुम्ही आहात म्हणून, ताई," धाकटी म्हणाली. "दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, घरी बस."

शेवटच्या शनिवारी स्पर्धेचा निकाल होता. संघाचे साहेब सकाळीच आले, सूट घालून. मांडणी बघून खूश झाले. थोरलीने टोपल्या तिरप्या लावून घेतल्या होत्या, एकाही फळावर डाग नव्हता. साहेब तिथे अर्धं मिनिट थांबले आणि आंबेवालीकडे वळले.

"तिच्या ओठाला काय झालंय?" परत येताना त्यांनी हळूच विचारलं.

"उष्णतेचं आहे," थोरली म्हणाली.

दुपारी गर्दी इतकी वाढली, की धाकटीला हात पुसायलाही फुरसत नव्हती. पापणीला खाज आली, तेव्हा तिने मनगटाने डोळे चोळले. मनगटावरून रस ओघळत होता. तासाभरात एक डोळा बारीक झाला, मग दुसरा. ओठ सुजून वर आला. लिपस्टिकखाली फोड फुटले होते आणि हनुवटीवर काहीतरी पिवळं वाहत होतं. ती तरीही आंब्याची फोड पुढे करत होती, "घ्या ना, मी आधी खाते" म्हणत होती. ताटलीसमोरच्या एका लहान मुलीने तिच्याकडे बघितलं आणि आईच्या कोटात तोंड खुपसून किंचाळली.

रांग थांबली. एका बाईने पिशवीतले आंबे परत टोपलीत ठेवले. मग दुसरीने. मग सगळेच ठेवू लागले. भराभर, आदळत, आणि थोरलीच्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की फळं चेपतायत.

मॅनेजर धावत आला. "हिला मागे घ्या! आधी मागे घ्या!" धाकटीला दंडाला धरून मालखोलीत नेलं, क्रेटच्या मागे बसवलं. दोन माणसांनी दारातला फलक उचलून आणला आणि तोंड भिंतीकडे करून तिथेच उभा केला. धाकटीला आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. "ताई? ताई आहेत का?" ती विचारत होती.

फळविभागात एक जुना माणूस होता, बारा महिने लोकरी टोपी घालायचा, म्हणून सगळे त्याला टोपीच म्हणायचे. तो वाकून तिच्या तोंडाकडे बघायला लागला.

"अहो, हा चीक आहे!" तो म्हणाला. "चीक उतलाय हिला. ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की! चौथं पान. बेचक्यांत पुरळ आलं की त्याच दिवशी काम बंद. ताई, तुम्ही बघितलं नाहीत?"

धाकटीने सुजलेलं तोंड आवाजाच्या दिशेने वर केलं. तिने विचारणं थांबवलं. मग तिला हॉस्पिटलात नेलं.

तिसऱ्या दिवशी तिचे डोळे उघडले. नवव्या दिवशी ती घरी आली. फोड सुकले होते, पण तोंडाभोवती आणि दोन्ही गालांवर काळपट डाग राहिले होते, करपल्यासारखे. डॉक्टर म्हणाले होते, जातील. सहा महिने, कदाचित वर्ष.

रात्रीच्या जेवणाला सगळे बसले तेव्हा तिने सांगितलं. वरचा ओठ अजून नीट हलत नव्हता, त्यामुळे शब्द ओले-ओले येत होते.

"ताईंना माहीत होतं."

"काहीतरीच काय," थोरलीचा नवरा म्हणाला. "माहीत असतं तर सांगितलं नसतं का?"

"पुस्तिका त्यांनीच लिहिलीय. हातमोजे काढायला त्यांनीच लावलं."

कुणी थोरलीकडे बघितलं नाही. दीर ताटात बघत होता. त्याला सगळं कळलं होतं; त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण तो घास चावत राहिला.

"झालं ते झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता घरात तमाशा नको. दोघींनी एका छताखाली राहायचंय." मग जरा थांबून, पाण्याचा पेला सरकवत म्हणाल्या, "आणि तू काही दिवस आत जेवत जा. पोरगं घाबरतं."

पोरगं खरंच घाबरत होतं. धाकटी ताट घेऊन आत गेली.

थोरलीने मनात उत्तर घोकून ठेवलं होतं. मला वाटलं पावडरीचं असेल, माणूस चुकतो. कुणी विचारलंच नाही. तिने आणखी वाढून घेतलं. आपल्याला भूक लागलीय याचं तिला नवल वाटलं.

त्यानंतर घर धाकटीला विसरलं. मारलं नाही, बोललं नाही, नुसतं विसरलं. तिच्या नकला बंद झाल्या होत्या, आणि नकलांशिवाय तिचं काय करायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. दीर उशिरा येऊ लागला. सासूबाई तिच्याशी बोलताना भाजी निवडत राहायच्या, मान वर न करता.

दोन महिन्यांनी थोरली एका नव्या दुकानात प्रशिक्षण देत होती. संघाचे साहेबही आले होते, मागे उभे होते. वीस माणसं उलट्या क्रेटवर बसली होती. तिसरं पान संपता संपता दार उघडलं, धाकटी आत आली आणि पहिल्या रांगेत बसली.

थोरलीने दोन पानं एकदम उलटली.

"ताई," धाकटी शांतपणे म्हणाली, "चौथं पान राहिलं."

सगळ्यांनी पुस्तिकेत बघितलं. थोरलीला मागे यावं लागलं. ती भरभर वाचू लागली. फोडांवर आली, तेव्हा धाकटी उठली आणि वीस माणसांकडे तोंड करून उभी राहिली.

"त्याचं हे असं होतं," ती म्हणाली. "बघून घ्या. जवळून बघा."

मग स्वतःच्या गालावर बोट ठेवून धाकटी थोरलीकडे वळली. "या बाईला कुणी सांगितलं नव्हतं का हो?"

"नाही," थोरली म्हणाली.

"का?"

"चुकून राहिलं."

प्रशिक्षण संपल्यावर साहेब दोघींकडे आले. थोरलीला वाटलं, आता संपलं. पण साहेबांचा चेहरा उजळला होता.

"काय परिणाम झाला बघितलंत? पुस्तिका घरी जाऊन कोण वाचतो? हे मात्र जन्मात विसरणार नाहीत." धाकटीकडे बघून म्हणाले, "तुम्ही दर प्रशिक्षणाला येऊ शकाल का? संघातर्फे, रीतसर?"

"येईन की," धाकटी म्हणाली.

अशा त्या दोघी बरोबर फिरू लागल्या. आठवड्याला चार दुकानं. संघाची व्हॅन सकाळी घरासमोर यायची, दोघी मागच्या सीटवर शेजारी बसायच्या आणि खिडक्यांतून बाहेर बघायच्या. दर दुकानात चौथं पान यायचं. धाकटी उठायची, तोंड दाखवायची, आणि तोच प्रश्न विचारायची. थोरलीने एकदा सांगितलं, ती बाई प्रशिक्षणाला उशिरा आली होती. एकदा सांगितलं, सांगणाऱ्याच्या लक्षात आलं नाही. उत्तर देताना तिचा आवाज दर वेळी कापायचा, आणि लोकांना वाटायचं, केवढी कळवळ्याची बाई आहे.

एकदा व्हॅनमध्ये थोरलीने न राहवून विचारलं, "किती दिवस चालवणार आहेस हे?"

"मला इथे बरं वाटतं, ताई," धाकटी म्हणाली. "इथे लोक माझ्याकडे बघतात तरी."

हिवाळा संपला तसे डाग फिके होऊ लागले. डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. नव्या हंगामाची पहिली बोट लागली, तोवर लांबून काही दिसतही नव्हतं. एका दुकानात साहेबांनी धाकटीचा चेहरा उजेडाकडे वळवून बघितला आणि म्हणाले, "अरे वा, छान बऱ्या झालात! मग पुढच्या आठवड्यापासून तुम्हाला त्रास देत नाही."

ते बाहेर गेले. मालखोलीत दोघीच उरल्या. माणसं यायला अजून पाच मिनिटं होती. थोरली पुस्तिका मोजत होती, आणि मोजता मोजता तिला जाणवलं, की आपली छाती हलकी झालीय. सुटले. पुढच्या आठवड्यापासून सुटले.

कट् असा बारीक आवाज आला. धाकटीने कच्च्या मालाच्या पेटीतून एक हिरवं फळ उचललं होतं आणि त्याचा देठ मोडला होता. मोडल्या जागी चिकाचा थेंब फुगून वर आला. तिने तो गालाला लावला, हळूच, क्रीम लावावं तसा. मग दुसऱ्या गालाला. मग ओठाच्या वर.

"अगं, काय करतेस!" थोरली पुढे झाली. "धुऊन टाक. आत्ताच्या आत्ता धू."

"तुम्ही धुवा," धाकटी म्हणाली. तिने डोळे मिटले आणि चेहरा पुढे केला, लहान मूल आईपुढे करतं तसा.

नळ तीन पावलांवर होता. थोरलीने फडका ओला केला, पिळला. लगेच पुसलं तर फारसं काही होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पुसलं तर ही पुढच्या आठवड्यापासून येणार नव्हती. थोरली कायमची मोकळी होणार होती. तिचा फायदा पुसण्यातच होता, अगदी सरळ होता. ती फडका घेऊन धाकटीसमोर उभी राहिली आणि त्या गालांकडे बघू लागली. कातडी पुन्हा पूर्वीसारखी झाली होती. नितळ, किंचित गुलाबी. चीक त्यावर चकाकत होता.

बाहेर पावलं वाजली. माणसं बोलत, हसत आत येऊ लागली, क्रेट ओढून बसू लागली. धाकटीने डोळे उघडले आणि थोरलीच्या हातातला तसाच राहिलेला ओला फडका बघितला. मग ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

थोरलीने फडका नळाच्या कडेला वाळत घातला, एप्रनला हात पुसले आणि पुस्तिका वाटायला सुरुवात केली.